पदर न सुटणारा दगड

भूगोलाच्या शालेय पुस्तकात खडकांची तीन घराणी असतात: अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. तिसऱ्या घराण्याच्या पुन्हा दोन शाखा. एका शाखेच्या खडकांना पापुद्रे असतात, ते एका दिशेने फाकतात: पाटीचा दगड, शिस्ट, नाइस. दुसरीच्या खडकांना असे पापुद्रे नसतात: संगमरवर, क्वार्ट्झाइट. परीक्षेत यावर दोन गुणांचा 'फरक स्पष्ट करा' येतो आणि विषय तिथेच मिटतो. पनवेलच्या मुलाला तर तो मिटलेलाच बरा वाटावा, कारण कर्नाळ्यापासून खाडीपर्यंत कुठेही पाय ठेवला तरी खाली एकच काळा कातळ, बेसाल्ट. तो लाव्ह्याचा, म्हणजे अग्निजन्य. रूपांतरित खडकाची एकही शाखा या तालुक्यात उघडी पडलेली नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग याच कातळाखाली झाकलेला आहे. रूपांतरित खडक पाहायचे तर नागपूर-भंडारा-गडचिरोलीकडे नाहीतर सिंधुदुर्गाकडे जावे लागते. तरीही पनवेलमध्ये दगडाचा जो धंदा झाला आणि जो होऊ शकला नाही, त्याचे कोडे या दोन गुणांच्या फरकानेच उलगडते. आपला दगड काय आहे याइतकेच तो काय नाही हेही महत्त्वाचे, आणि दगडाच्या व्यवहारात सगळ्यात मोठा 'नाही' म्हणजे पदर सुटत नाही.

'पदर सुटणे' हा स्वयंपाकघरातला शब्द इथे चपखल बसतो. चिरोट्याची पोळी साटा लावून गुंडाळतो, कापतो, वरून दाबून लाटतो, म्हणून तळताना पदर सुटतात. तेच पीठ नुसते गोळा करून भाजले तर घट्ट गोळाच हाती येतो. खडकाचेही तसेच. जमिनीच्या पोटात खोल गेलेल्या चिखलखडकावर एका बाजूने प्रचंड दाब आला, की त्यातले अभ्रकासारखे चपटे कण दाबाला आडवे वळून एका ओळीत बसतात आणि खडकाला फाकायची एक ठरलेली दिशा मिळते. दाब सगळीकडून सारखा असेल, किंवा खडकात चपटे कणच नसतील, तर कितीही तापवा, कण फक्त एकमेकांत घट्ट रुततात. चुनखडीचा संगमरवर होतो, वाळूच्या दगडाचा क्वार्ट्झाइट होतो, पण पदर सुटत नाहीत. हे कोडे विज्ञानालाही सहज सुटले नव्हते. स्कॉटलंडच्या जेम्स हॉलने १९ व्या शतकाच्या सुरुवातीला बंदुकीच्या नळीत चुनखडीची भुकटी कोंबली, तोंड बंद केले आणि नळी तापवली. वायू निसटायला वाट नसल्याने चुना न होता संगमरवरासारखा स्फटिकी दगड हाती आला. 'रूपांतरित' ही संज्ञा चार्ल्स लायेलने १८३३ साली रूढ केली. पाटीच्या दगडाच्या फाकण्याचे कारण दाब हेच, असे हेन्री सॉर्बीने १८५३ मध्ये मांडले, आणि तीन वर्षांनी जॉन टिंडलने साधे मेण दाबून त्याला तसेच पदर सुटलेले लोकांपुढे दाखवले. उष्णतेने खडक पालटतो, पण त्याला दिशा देतो तो दाब. पुढचे सारे या एका वाक्यावर उभे आहे.

यावर पहिला आक्षेप पनवेलकरच घेईल: आमच्या डोंगरांना थर नाहीत असे कोण म्हणतो? एक्स्प्रेसवेवरून दिसणारा प्रत्येक कडा जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांचा आहे, आणि शिवाय हे थर वाकलेलेही आहेत. आक्षेप खरा आहे, आणि त्यातल्या वाकण्यामुळेच पनवेलचे नाव जगाच्या भूविज्ञानात गेले. दख्खनचे थर घाटावर जवळजवळ आडवे असतात, किनाऱ्याकडे येताना मात्र ते समुद्राच्या बाजूला कलतात. डब्ल्यू. टी. ब्लँफर्डने हे १८६७ मध्येच टिपले होते. १९४९ साली जे. बी. ऑडन या भूवैज्ञानिकाने किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या या बाकाची चर्चा केली, आणि 'पनवेल फ्लेक्शर' हे नाव ग्रंथांत कायम झाले. (हा ऑडन म्हणजे कवी डब्ल्यू. एच. ऑडनचा थोरला भाऊ. एका भावाने ओळी रचल्या, दुसऱ्याने थर वाचले.) मग एवढा वाकलेला खडक दाबला गेला नाही का? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. डोंगरात दिसणारा प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक लोट वाहिला, थिजला, त्यावर दुसरा आला. दोन लोटांमधली सांध फुटते, पण एका लोटाच्या आतला दगड चारी दिशांना सारखाच. आणि किनारा खचताना हे थर कलले ते पृष्ठभागाजवळ, थंड अवस्थेत. तिथे दगडाला भेगा पडतात, त्याचे कण नव्याने रचले जात नाहीत. त्यासाठी काही किलोमीटर खोलीचे ओझे आणि कित्येक शे अंशांची उष्णता लागते. पनवेलचा दगड वाकला, पण पालटला नाही.

अगदी काटेकोर राहायचे तर एक अपवाद नोंदवायला हवा. घाटातल्या कापलेल्या कड्यांत दोन लोटांच्या मधे विटकरी रंगाची पट्टी दिसते. खालच्या लोटाचा माथा उन्हापावसाने कुजून झालेली ती माती, आणि वरून पुढचा तप्त लोट आल्यावर ती भाजली गेली. भट्टीतल्या विटेसारखीच ही करामत: उष्णता भरपूर, दिशा देणारा दाब नाही, म्हणून पदरही नाही. पालटण्याच्या सर्वांत जवळ पनवेल-खंडाळ्याचा परिसर गेला तो एवढाच, तोही न फाकणाऱ्या शाखेच्या बाजूने.

आता या दगडातून काय घडले ते पाहू. पनवेलच्या खाडीसमोर घारापुरी आहे. तिथली लेणी कोरणाऱ्यांना असा दगड हवा होता जो छिन्नी कुठल्याही बाजूने चालवली तरी तिचे ऐकेल, नाक घडवताना गालाचा पापुद्रा उडवणार नाही. पदर असलेल्या खडकात महेशमूर्तीचे तीन चेहरे तीन दिशांना वळवणे म्हणजे तीनपैकी निदान एका चेहऱ्यावर खडकाशी भांडण ओढवून घेणे. बेसाल्टमध्ये ते भांडण नाही. त्याचे कण एकमेकांत गुंतलेले असल्याने तो कठीण आहे, हट्टी आहे, पण पक्षपाती नाही. लेण्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तोच गुण घरात रोज वापरला जात होता, त्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. पाटा, वरवंटा, जाते, उखळ, सहाण ही सगळी न फाकणाऱ्या दगडाची अपत्ये आहेत. जात्याच्या तळीत पापुद्रे असते तर दर दळणाला पिठात कच आली असती. काळ्या दगडाचा दोष उलटा: तो झिजून गुळगुळीत होतो, मग मिरची वाटली न जाता घसरते. त्यावर इलाज म्हणून वडार-पाथरवट समाजातल्या बाया 'पाट्याला टाकीऽऽ' अशी हाळी देत गल्लोगल्ली फिरत. अंगणात पाटा आडवा टाकायचा, उकिडवे बसायचे, आणि अणकुचीदार टाकीवर हातोडीचे हलके, एका लयीतले ठोके घालत साऱ्या पाट्यावर बारीक खड्डे उठवायचे. उडते ती भुकटी, पापुद्रा नाही. ठोका कोणत्याही कोपऱ्यात, कोणत्याही बाजूने पडला तरी खड्डा तेवढाच होतो. या अर्ध्या तासाच्या कारागिरीत त्या खडकाची सगळी अंतर्रचना दिसते.

रूढींनीही हा गुण ओळखला होता, निदान त्याच्याशी जुळवून घेतले होते. पाचवीच्या पूजेला पाटा-वरवंटा मांडतात, बारशात बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालून त्याचा 'गोप्या' करतात, लग्नाआधी जात्याची पूजा होते, आणि विवाहविधीतल्या अश्मारोहणात वधू दगडावर पाय ठेवते, अनेक घरी सहाणेवर. मंत्रातल्या स्थिरतेचा अर्थ शास्त्र्यांनी सांगावा, पण अखंड, न भंगणारी वस्तू म्हणून घरात हाताशी असलेली चीज हीच होती. याला कोणी म्हणेल की अश्मारोहण देशभर आहे, जिथे नाइस आणि शिस्टचे डोंगर आहेत तिथेही. मान्य. विधीचा उगम खडकात शोधणे हा भाबडेपणा होईल. विधी बाहेरून आला, त्याला वस्तू मात्र इथली मिळाली.

आता जे घडले नाही त्याकडे. बेसाल्टचा पातळ पत्रा निघत नाही. त्याला सुतकी-छिन्नीने घडवून चार-सहा इंच जाडीचा चिरा करता येतो. त्यामुळे जोते, पायरी, उंबरा, विहिरीचा काठ, तळ्याचा घाट यापलीकडे तो घरात शिरला नाही. पैसेवाल्याचा वाडाही जोत्यापर्यंत काळ्या दगडाचा आणि आत शेणाने सारवलेला. छपरासाठी, एवढ्या पावसाच्या मुलखात, दगडाचे पत्रे हवे होते. हिमालयात कांगड्याच्या बाजूला पाटीच्या दगडाची छपरे जुनी आहेत. इथे कुंभाराची नळीची कौले आली, आणि बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यावर पुढे मंगलोरी कौले. अक्षरे गिरवायलाही दगड नव्हता. पंतोजीच्या शाळेत लाकडी फळीवर धूळ पसरून त्यात बोटाने नाहीतर काडीने धुळाक्षरे काढत. तिचे नाव धूळपाटी. इंग्रजी अमलातल्या सरकारी शाळांबरोबर काळ्या दगडाची पाटी रुळली तेव्हा तिला जुनेच नाव मिळाले, आणि उलट त्या खडकालाच मराठीत 'पाटीचा दगड' म्हणू लागले. लाकडी चौकटीतली ती पाटी हा बहुतेक मराठी घरांत शिरलेला पदर सुटणारा पहिला रूपांतरित खडक. आंध्रातल्या मार्कापूरच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पाटी पडून फुटली तर तिचे तुकडे होत, आणि कडेने नख घातले तर चौकटीजवळ पापुद्रा सुटे. त्याच मुलाच्या आईचा पाटा दहादा पडला तरी फार तर एक कोपरा उडे.

इथे इतिहासकाराचा आक्षेप उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. फरशी आली नाही ती दगडामुळे नव्हे, वाहतुकीमुळे. धूळपाटी होती ती परंपरेमुळे, कारण ज्या भागात पाटीचा दगड मिळतो तिथेही मुले लाकडी तख्तीवरच लिहीत. धूळपाटीपुरता हा आक्षेप मला पटतो. केवळ खडकावर तो भार टाकता येणार नाही. वाहतुकीचे मात्र नीट पाहिले पाहिजे. पनवेल हे बंदर होते. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून बोरघाट उतरून इथे येई आणि इथून होडीने मुंबईला जाई. १८३० मध्ये घाटात गाडीरस्ता झाला. म्हणजे जड मालाला वाट होती. पण ही वाट जिथून येत होती तो पुण्या-सोलापूरकडचा देशही त्याच काळ्या कातळाचा. फाकणारा दगड मिळण्यासाठी दख्खनच्या लाव्ह्याची हद्दच ओलांडावी लागते, आणि ती सोलापूरपलीकडे, निजामाच्या मुलखात संपते. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली, १८७१ मध्ये रायचूरला पोहोचली, आणि त्या मार्गावर शहाबाद स्टेशन होते. 'शहाबादी फरशी' हा शब्द मराठीत घट्ट बसला तो या रुळांमुळे. गंमत अशी की रूळ कर्जतवरून गेल्याने पनवेलचा घाटमाथ्याचा व्यापार बसला, आणि पनवेलला स्वतःची रेल्वे यायला सुमारे शंभर वर्षे लागली. तेव्हा फरशी कधी आली हे वाहतुकीने ठरवले. ती कुठून आणावी लागणार होती, आणि ती आल्यावर इथला कारागीर तिच्याशी स्पर्धा का करू शकला नाही, हे खडकाने ठरवले. फिरत्या वडाराचा धंदा आणि फरशीचा धंदा यांची रचनाच वेगळी. न फाकणारा दगड सगळीकडे असतो आणि जड असतो, म्हणून कारागीर दगडाकडे चालत जातो. फाकणारा दगड एखाद्याच मुलखात असतो आणि पातळ होतो, म्हणून कारागीर जागेवर बसतो, दगड प्रवास करतो. एका धंद्याला पाल लागते, दुसऱ्याला वखार.

जाणकार मात्र आता बोट ठेवतील: शहाबादी फरशी रूपांतरित आहेच कुठे? ती साधी चुनखडी, गाळाची. स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा कडप्पाही चुनखडीच. बरोबर आहे, आणि म्हणूनच दुकानातले 'पातळ दगड' आणि शास्त्रातले 'पदर सुटणारे खडक' एक धरू नयेत. शहाबादी फाकते ती गाळ थरावर थर बसल्याने, पाटीचा दगड फाकतो तो दाबाने, आणि कित्येकदा मूळ गाळाच्या थरांना छेदून फाकतो. सह्याद्रीचे कडे जिन्यासारखे दिसतात ते लाव्ह्याच्या लोटांनी. डोळ्याला तिन्ही सारखे, कारणे तीन. उलट बाजूनेही अपवाद निघतात. बेलूरचे चेन्नकेशव मंदिर, १११७ सालचे, क्लोराइट शिस्टमध्ये कोरले आहे. शिस्ट म्हणजे पदर असलेल्या शाखेचा खडक, आणि तरीही तिथल्या मदनिकांच्या बांगड्या मोजता येतात! कारण तो दगड खाणीतून निघताना अतिशय मऊ असतो आणि त्याचे पदर इतके बारीक की छिन्नीला ते जाणवत नाहीत. नाइसमध्ये पट्टे ठळक असतात पण तो क्वचितच फाकतो. संगमरवरात रेघा असतात, त्या अशुद्धीच्या. रेघेवर ठोका दिला म्हणून मकराण्याचा दगड पत्र्यासारखा निघत नाही. याने मूळ मुद्दा पडत नाही, तो नेमका होतो. पदर आहेत की नाहीत असा हो-नाहीचा सवाल नसून, ते किती आहेत आणि हत्याराच्या किती आड येतात हे पाहायचे असते. पाठ्यपुस्तकातला दोन रकान्यांचा तक्ता इथेच अपुरा पडतो.

आजच्या पनवेलमध्ये दोन्ही शाखा विकत मिळतात. महामार्गालगतच्या वखारींत उभ्या लावलेल्या लाद्यांना दुकानदार सरसकट 'ग्रॅनाइट' म्हणतो. त्यातला काळा कुळकुळीत बहुधा ग्रॅनाइट नसतोच, तो डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे आपल्या बेसाल्टचाच जाड कणांचा भाऊबंद. 'पॅराडिसो' नावाने मिळणारा तांबूस-करडा, नागमोडी पट्ट्यांचा दगड हा दक्षिणेतला नाइस, पोटात जवळजवळ वितळण्यापर्यंत भाजलेला आणि मळलेला. त्या पट्ट्यांना लोक डिझाइन म्हणतात. शेजारी देवघरासाठी पांढरा संगमरवर. पूर्वी जे फाकत नव्हते त्याची पातळ लादी सहज होत नव्हती. आता हिऱ्याच्या पात्याची करवत दगडाला पदर आहे की नाही हे विचारत नाही, सगळ्यांच्या सारख्याच जाडीच्या लाद्या काढते. हजारो वर्षे ज्या फरकाने धंदे वाटले होते तो गेल्या काही दशकांत गिऱ्हाइकापुरता पुसला गेला. फक्त लिंबू तो जाणते: कडप्प्यावर, संगमरवरावर त्याचा थेंब राहिला तर डाग पडतो, नाइसवर पडत नाही.

आणि इथला काळा दगड? तो आता घडवला जात नाही, फोडला जातो. आसपासच्या खाणींतून सुरुंगाने निघालेले डबर क्रशरमध्ये जाते आणि खडी, ग्रिट, कच होऊन मुंबईच्या काँक्रीटमध्ये विरते. यालाही तोच गुण कारण आहे. पदर असलेला खडक क्रशरमध्ये चपट्या कपच्या देतो, त्या काँक्रीटमध्ये नीट बसत नाहीत. बेसाल्टचे तुकडे बोजड, कोनदार पडतात आणि सिमेंटला धरून राहतात. १९७० साली सिडको स्थापन झाल्यापासून उभ्या राहिलेल्या शहराच्या भिंतींत हा दगड आहे, दिसत मात्र कुठेच नाही. याच शहराच्या विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, आणि तिचाच दगड खाडीकाठच्या सखल जमिनीत भरावाला टाकला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

पालटलेला, पदर असलेला खडक या काळ्या कातळाच्याही खाली आहे, फक्त तिथे तो पाहायला भोक पाडावे लागते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोदलेल्या विवरात ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर नाइस लागला. कोयनेच्या खोऱ्यात तो सुमारे ९३३ मीटरवर लागला.